उलटा हाओ

श्याओमानचा आवाज फाटला तो 'थांब' या शब्दावर. शनिवारची दुपार होती, बाहेर एप्रिलमधला कोरडा, धुळकट वारा, आत गायनगृहात शे-दीडशे माणसं, टेबलांवर मोगऱ्याच्या चहाच्या किटल्या आणि कलिंगडाच्या बियांच्या सालांचे ढीग. गाणं नेहमीचं. नवरा नदीपलीकडे निघालाय, बायको त्याचा कापूस भरलेला डगला घेऊन धावत धक्क्यावर येते, आणि होडी सुटलेली असते. ती हाक मारते, 'थांब'. त्या एका शब्दासाठी सगळं गाणं वीस मिनिटं पायरी पायरी चढत येतं. पोरीनं उजव्या हातातली छडी ढोलाच्या कडेवर टेकवली, डाव्या हातातल्या लाकडी पट्ट्या थांबल्या, साथीला बसलेल्या मंग मास्तरांची तीनतारी एकाच सुरावर वाट बघत राहिली. पोर वर गेली, आणि वर पोचल्यावर जुनी चादर टरकावी तसा तिचा आवाज टरकला. क्षणभर सभागृहात काहीच झालं नाही. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या मनानं, समजुतीनं, धावण्याच्या शर्यतीत पडलेल्या लहान मुलाला उठवताना वाजवतात तशा. पुढच्या टेबलावरच्या एकीनं फोन उंच धरून सगळं टिपलं आणि दुसऱ्या हातानं अंगठा दाखवला.

रुइशिनच्या गळ्यात काहीतरी वर आलं. तिनं चटकन ओठांवर हात ठेवला. बाजूच्या माणसाला वाटलं, बी घशात अडकली. त्यानं तिच्यापुढे चहा सरकवला. पासष्ट वर्षांच्या आयुष्यात ती चारचौघांत कधी मोठ्यानं बोललेली नव्हती. पस्तीस वर्षं ट्रंक टेलिफोनच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसली, तेव्हा तर हळू बोलण्याचाच पगार मिळत होता. आणि आत्ता जे वर आलं होतं ते खच्चून ओरडणं होतं. शिवाय ते तिचं नव्हतंच. ते तिच्या वडिलांचं होतं, तसंच्या तसं, शेवटाला वळलेल्या शेपटीसकट.

तिआनजिनमध्ये गाणं ऐकणाऱ्याला एकच शब्द पुरतो. हाओ. वा, छान. पण तो कुठे टाकायचा ते कळायला अर्धं आयुष्य जातं. सूर जागेवर बसला आणि त्याच क्षणी हाओ पडला, तर गाणाऱ्याच्या पाठीवर थाप. आणि जिथे सूर घसरला, नेमका तिथेच तोच शब्द लांब ओढून, वाकडा करून टाकला, तर तो उलटा. उलटा हाओ ऐकून घाम फुटला नाही असा गवई या गावात झाला नाही. बाहेरगावचे लोक त्याला छळ म्हणायचे. तिचे वडील, ची बाओथांग, म्हणायचे, "छळ कसला? न ऐकता बसणं हा छळ." वडील सायकलच्या कारखान्यात चाकं सरळ करायचे. चाक फिरवून एकेका तारेवर नखानं टिचकी मारायची, आणि आवाजावरून कुठली तार ढिली ते सांगायचं. घरीही तीच सवय. जेवायला बसले की प्रत्येक वाटीवर टिचकी. एकदा आईनं बाजारातून आणलेल्या नव्याकोऱ्या वाटीवर टिचकी मारून म्हणाले, "ही खोटं बोलते." आई चिडली. तीन दिवसांनी कढत लापशी ओतताना वाटीचे दोन तुकडे झाले, तेव्हा आई आणखीच चिडली.

रुइशिन सहा वर्षांची असताना त्यांनी तिला पहिल्यांदा गाण्याला नेलं. सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसवून, वाटेत मुगाचं धिरडं खायला घालून. आत गेल्यावर म्हणाले, "डोळे मीट. आपण ऐकायला आलोय, बघायला नाही." तिला बघायचं होतं. मंचावरच्या बाईचा निळा झगा, बांबूच्या तिकाटण्यावरचा तो भाकरीएवढा ढोल. पण तिनं डोळे मिटले, आणि वडिलांनी तिच्या गुडघ्यावर बोटानं ताल धरला. आजही गाणं ऐकताना तिच्या डाव्या गुडघ्यावर एक जागा जिवंत होते. त्या दिवशी गात होती थोंग युएछिन. वडील तिला ती एकोणीस वर्षांची असल्यापासून ऐकत होते. बाईंवर त्यांचं प्रेम होतं असं नव्हे, म्हणजे आईला राग यावा तसलं नव्हे, आई सांगायची, "रस्त्यात समोर आली तर ओळखायचे नाहीत, डोळे मिटूनच बघितलंय तिला." मग गाण्यावर सरकारी बंदीची ती दहा वर्षं आली. सगळी गायनगृहं बंद झाली, कुठे धान्याचं कोठार झालं, कुठे सभांची जागा. थोंग युएछिनला मोज्यांच्या कारखान्यात यंत्रावर बसवलं. वडील घरात गुणगुणतसुद्धा नसत. भिंती पातळ होत्या आणि शेजारी जागरूक. एकदा हिवाळ्यात, ती दहा वर्षांची असेल, तिनं पाहिलं की वडील भिंतीकडे तोंड करून पडलेत आणि त्यांची बोटं गोधडीवर चाललीत. "काय वाजवताय, बाबा?" त्यांची बोटं थबकली. "मी कुठे? थंडी वाजतेय," ते म्हणाले. आई अंधारात हसली. रुइशिनलाही हसू आलं, आणि तिघंही एका गोधडीत, तोंडं दाबून, कितीतरी वेळ हसत राहिली. घरातलं इतकं सुख तिला नंतर क्वचित आठवतं.

गायनगृहं पुन्हा उघडली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती, टेलिफोनमध्ये लागली होती. दर रविवारी दुपारी बाप-लेक जायचे. आता ती मागच्या कॅरियरवर बसायची आणि धिरडं तिच्या पगारातून यायचं, यावर वडील दर वेळी एक विनोद करायचे आणि तो दर वेळी तोच असायचा. त्या दोन वर्षांत ते तिच्याशी जितकं बोलले तितकं आधी कधी बोलले नव्हते. हा आवाज नाकातून येतो. ही शब्द गिळते. ह्याला ताल आहे पण घाई आहे, घरी दूध उतू जात असेल. टेलिफोनवर तिचा कान सगळ्यांत तयार म्हणून साहेब कौतुक करायचे. नुसत्या श्वासावरून तिला कळायचं की पलीकडची बाई आता रडणार आहे. तो कान कुठून आला ते तिला ठाऊक होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता.

मग शरद ऋतूत बाहेरच्या फळ्यावर नाव लागलं: थोंग युएछिन. वडिलांनी सकाळी दाढी केली, दुपारी पुन्हा केली. सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. बाई बाहेर आल्या तेव्हा लोकांचा श्वास अडकला, कारण त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. पन्नाशीही नव्हती, पण केस पांढरे, बोटं यंत्रावर बसून वाकलेली, छडी मुठीत धरल्यासारखी. अजून एक सूर लागला नव्हता आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, बायका तोंड लपवून नव्हे, उघड रडत होत्या. रुइशिनही रडत होती. वडील तेवढे बसून होते, डोळे मिटून. बाईंनी हेच गाणं घेतलं. हाच धक्का, हाच डगला. वीस मिनिटं सगळं गायनगृह त्यांना हातांवर उचलून वर नेत होतं. आणि 'थांब'वर बाईंचा आवाज फाटला. त्या शांततेत, जिथे सगळे त्यांना माफ करायला टपलेले होते, तिथे रुइशिनच्या शेजारून आवाज उठला. हा…ओ. लांब, वाकडा, शेपटी वळवलेला. माना वळल्या. बाईंनीही टेबलाच्या दिशेनं बघितलं. मग त्यांनी छडी उचलली आणि गाणं पुरं केलं. रुइशिनला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तिचे कान पेटले होते.

परतताना पुलावर तिनं कॅरियरवरून उडी मारली. वडिलांनी ब्रेक दाबला.

"काय झालं?"

"तुम्ही माणूस आहात का?"

"आवाज फाटला," ते म्हणाले. "तुलाही ऐकू आलं."

"अकरा वर्षं मोजे विणत होती ती!"

"म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

"ते सगळे त्या मोज्यांसाठी टाळ्या वाजवत होते. मी गाण्याला गेलो होतो." मग म्हणाले, "बस मागे. गार वारा आहे."

"मी तुमच्याबरोबर पुन्हा कधी येणार नाही. कधीच."

ती चालत घरी आली. वडील सायकल हातात धरून तिच्या मागे वीस पावलांवर चालत आले, सबंध रस्ताभर. त्या सायकलच्या मागच्या चाकातलं कुत्रं एकसारखं टिकटिकत होतं, आणि तिला वाटत होतं, चाकं सरळ करणाऱ्या या माणसाला माणसाचं काही कळत नाही. तीनेक महिन्यांनी बसमधून जाताना तिला तो फळा दिसला. त्यावर बाईंचं नाव नव्हतं. घरी येऊन जेवताना ती म्हणाली, "गेल्या त्या. झालं तुमच्या मनासारखं." वडील लसूण सोलत होते. ते सोलत राहिले. पुढच्या रविवारी ते म्हणाले, मी पुलाखाली बुद्धिबळाला जातो. रोजच्या बोलण्यात तसा काही फरक पडला नाही. जेवलीस का, कोळसा आला का, जावई काय म्हणतात. गाण्याचं तेवढं घरातून गेलं. ती माहेरी आली की रेडिओ बंद व्हायचा. जिन्यावर असताना ऐकू यायचा, दार उघडलं की बंद. तिला वाटायचं, लाजतात. वाटायचं, लाजायलाच हवं. चौऱ्याण्णवच्या वसंतात ते गेले तेव्हा ती कामावर होती, कुणा परक्या बाईला कुणा परक्या मुलाशी जोडून देत होती. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, नवरा गेल्यावर, घरात फारच शांत झालं म्हणून ती या गायनगृहात यायला लागली. दर शनिवारी, एकटी. टाळी नाही, हाओ नाही. डोळे मिटून बसायचं आणि उठून जायचं. एका माणसाच्या ओरडण्यानं एका बाईचं गाणं संपलं, आणि तो माणूस आपला बाप, हे तिनं इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं.

मध्यंतर झालं. सगळे गरम पाण्याच्या नळाकडे गेले, आणि ती, आपण कुठे चाललोय हे न ठरवता, मंचाच्या बाजूच्या बोळात शिरली. श्याओमान एका उलट्या खोक्यावर बसली होती. वर सोनेरी नक्षीचा झगा, खाली पायात कॅनव्हासचे बूट. काजळ गालांवर आलं होतं. बोळाच्या टोकाला बाकावर शहाऐंशी वर्षांचे मंग मास्तर तीनतारीच्या खुंट्या पिळत बसले होते.

"ताई, गरम पाणी तिकडे," पोर म्हणाली. या गावात पोरगी असो की पणजी, बाई म्हणजे ताईच.

"मला पाणी नकोय."

"मग फोटो? आत्ता नको हं, अवतार बघा माझा." मग तिनं नीट पाहिलं. "तुम्ही त्या ना, डोळे मिटून बसणाऱ्या? मला आधी वाटायचं तुम्हाला झोप लागते. मग बघितलं, तुमचं बोट हलतं." तिनं नाक ओढलं. "कसं झालं हो?"

छान, असं म्हणायला रुइशिननं तोंड उघडलं. "फाटला," ती म्हणाली.

बाकावरची खुंटी पिळायची थांबली.

"इतकं कळलं?"

"'थांब'च्या आधी तुझ्यात हवाच नव्हती. आधीच्या ओळीत 'धक्का' आहे ना, तिथे चोरून श्वास घ्यायचा. तिथे तू हाताकडे बघत होतीस बहुतेक. छडी जरा उशिरा पडली."

"नख तुटलं होतं," पोर म्हणाली. आणि एकदम तिचा बांध फुटला. "मग त्यांनी टाळ्या का वाजवल्या? मला वाटलं जमिनीत गडप व्हावं. एक जण तरी ओरडला असता! मला शिकवणारे गुरुजीसुद्धा म्हणाले, होतं कधी कधी. माझ्या आत्याचं केकचं दुकान आहे, सोमवारपासून तिथेच जाते. केक बसका झाला तर लोक परत तरी आणून देतात."

रुइशिनला हसू आलं, आणि ते हसू ओळखीचं होतं, गोधडीतलं. "दुसऱ्या भागात आहेस का?"

"शेवटून दुसरी. पण मी नाही जाणार."

"जा."

"आणि पुन्हा फाटला तर?"

"तर मी सांगेन."

पोर झग्याची बाही वर करून, नाक पुसत, तोंड धुवायला गेली. रुइशिन मास्तरांच्या बाकावर टेकली.

"कान कुणाचा, ताई?" मास्तरांनी विचारलं.

"वडिलांचा." मग तिला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. त्या काळातला हा एकच माणूस उरला होता. "मास्तर, तुम्ही थोंग युएछिनना साथ करायचात. एक्क्याऐंशी साली त्या परत आल्या. पहिल्याच दिवशी आवाज फाटला, आणि कुणीतरी उलटा हाओ दिला."

"दिला असेल."

"आठवत नाही?"

"अहो, कुठला कुठला आठवू? त्या काळात दिवसाला तीन पडायचे. बाई आत येऊन बोटांवर मोजायच्या. म्हणायच्या, मंग, आज दोन बरोबर होते, तिसरं गाढव होतं."

"पण त्यानंतर त्यांनी गाणं सोडलं."

"सोडलं? छे. दोन-अडीच महिने गायल्या की. दुसऱ्या महिन्यात तर असा 'थांब' लागला म्हणता, माझा हात तारेवरच राहिला. मग बाओदिंगला सुनेला जुळी झाली, तिकडे गेल्या. जाताना कुरकुरत होत्या, म्हणाल्या, आता दोन-दोन बेसूर ऐकायचे." मास्तर खोकत हसले. "भोपळे लावायच्या तिकडे. मला दर वर्षी एक यायचा."

आधी रुइशिनला राग आला. कुणीतरी तिच्या घरात शिरून जुनं, जड कपाट परस्पर उचलून नेल्यासारखा, आणि त्या जागी भिंतीवर नुसता रंग न उडालेला चौकोन. ते ओरडणं इथे कुणाच्याच लेखी नव्हतं. ज्या बाईला लागायचं तिनं बोटावर मोजून सोडून दिलं. सांभाळलं ते फक्त तिनं. तेरा वर्षं जिवंत बापाविरुद्ध, आणि पुढे तीस वर्षं मेलेल्याविरुद्ध. बुद्धिबळ आलं, लसूण आला, जिन्यावरून ऐकू येणारा रेडिओ आला, आणि तिला कळेना की हे सगळं आता ठेवायचं कुठे.

"त्या वेळचे ऐकणारे वेगळे," मास्तर आपल्याच नादात म्हणाले. "तुम्हाला वाटतं तुम्ही आमच्याकडे बघता. आम्हाला वरून सगळं दिसतं. एक होता, खांबाजवळ बसायचा, शेजारच्या खुर्चीवर टोपी ठेवून. गर्दी असो नसो. कुणी बसायला आलं की म्हणायचा, ही जागा धरलीय, मुलगी येतेय, ट्रंक टेलिफोनला असते, आज तिची ड्यूटी आहे. दर रविवारी. दहा-बारा वर्षं असेल. बाई गेल्या तरी हा येतच होता. आम्ही आपसात त्याला ड्यूटीवालाच म्हणायचो. गाणं संपलं की टोपी उचलायचा, झटकायचा, डोक्यावर घालायचा, चालला. मुलगी काही आली नाही कधी. त्र्याण्णवच्या हिवाळ्यानंतर तोही आला नाही."

आत घंटा वाजली. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. कुणीतरी मास्तरांना हाक मारली.

"ते माझे वडील," रुइशिन म्हणाली. तिचा आवाज तिला हवा त्यापेक्षा बराच मोठा निघाला. "ती मुलगी मी."

मास्तर तीनतारी घेऊन उठत होते. ते अर्धवट वाकलेलेच राहिले, आणि त्यांनी तिला पायांपासून पांढऱ्या केसांपर्यंत सावकाश न्याहाळलं.

"अस्सं," ते म्हणाले. "संपली का ड्यूटी?"